मल्लम्माशेजारची जागा

हळद शिजायला लागली की धामणवाडीच्या शिवारात दुसरा कुठला वास टिकत नाही. लोखंडी टाकीखाली कापसाच्या पऱ्हाट्या ढणाढणा पेटतात, टाकीतली वाफ नळीनं हळदीच्या पिंपांत शिरते, आणि मग त्या वाफेचा मातकट, जड वास बायांच्या केसांत, गुरांच्या अंगावर, रानात आणलेल्या भाकरीतसुद्धा जाऊन बसतो. वरून फाल्गुनाचं ऊन.

तरी सिंधूला तो दुसरा वास आलाच.

उपकेंद्रातली ड्यूटी आटोपून ती थेट रानात आली होती. गावात ती सिस्टरबाई होती, लसी टोचणारी, बाळंतपणं करणारी. रानात मात्र शेषेराव आणि दयानंद या भावांच्या घरातली धाकटी सून. नोकरीची साडी काढून तिनं जुनी नेसली, वरून नवऱ्याचा, दयानंदचा, विरलेला शर्ट चढवला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि हळद मोडणाऱ्या बायांच्या रांगेत येऊन बसली. गड्डा एका बाजूला, हळकुंडाच्या शेंगा दुसऱ्या बाजूला, मुळ्या मागं. हात आपोआप चालत होते.

पहिल्यांदा तिला वाटलं, नेहमीचंच आहे. गेल्या भादव्यात थोरली जाऊ गेली, तेव्हापासून तिच्या दुखण्याचा तो वास सिंधूला कुठंही यायचा. लसीच्या डब्याचं झाकण उघडताना यायचा. देवापुढं उदबत्ती लावताना यायचा. आजूबाजूला कुणाला नाही, तिलाच. मग ती श्वास धरून थांबायची आणि तो निघून जायचा.

आज तो जाईना.

तिनं मान वर केली. रांगेतल्या बाया एकमेकींना चिकटून, बडबडत बसल्या होत्या. मल्लम्मा बसली होती तिथं मात्र रांग तुटली होती. तिच्या एका अंगाला एक बाई ऐसपैस मांडी घालून बसेल एवढी जागा रिकामी, आणि त्या रिकाम्या जागेपलीकडच्या बाईनं पदर नाकावरून घेऊन दातांत धरलेला. म्हणजे वास खरा होता. इतरांनाही येत होता.

मल्लम्मा देगलूरकडची. तिचा नवरा गुरुलिंग हळद शिजवायच्या त्या टाकीवर, कुकरवर, जाळ घालायच्या कामाला होता. हंगामापुरती दोघं बांधाच्या कडेला खोप घालून राहिली होती. बाई मूळची थोराड असावी, पण आता गळ्याची हाडं वर आली होती आणि चेहरा पिवळाफटक. तो पिवळेपणा हळदीचा नव्हता.

तिच्या दुसऱ्या अंगाला, गुडघ्याला गुडघा लावून शिवानी बसली होती. थोरल्या जावेची चौदा वर्षांची पोर. आपण मोडलेल्या शेंगा ती मुकाट्यानं मल्लम्माच्या टोपल्यात सरकवत होती. तिनं नाकाला काही लावलं नव्हतं की तोंड फिरवलं नव्हतं.

सिंधू उठली. "पानी पिऊन येते," असं कुणालातरी म्हणाली आणि विहिरीकडं गेली. विहिरीच्या काठावर ती बराच वेळ नुसती उभी राहिली. पाणी काही प्यायली नाही.

थोरलीचं नाव कुशावर्ता. घरात सगळे तिला अक्का म्हणायचे. सोयाबीनचं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारी बाई. सिंधू नोकरीला जायची तेव्हा तिच्या भाकरी अक्का थापायची, सिंधूची सृष्टी अक्काच्याच मांडीवर वाढली. त्या अक्कानं वर्षभर अंगावरून जाणारं रक्त लपवलं. एका चुलीवर जेवणाऱ्या नर्सपासून लपवलं. विहिरीमागच्या घाणेरीच्या झुडपात फडकी वाळत घातली आणि पाठ दुखते म्हणून बामाच्या बाटल्या संपवल्या. शेवटी रानात चक्कर येऊन पडली तेव्हा कुठं शेषेरावानं तिला लातूरला नेलं. डॉक्टरनं आत तपासलं आणि शेषेरावाला बाहेर बोलावून घेतलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. फार पुढं गेलेला.

विजेचे शेक झाले, रेडिएशनचे. अक्का घरी आली ती बाजेवरच. वास आवरेना म्हणून बाज गोठ्याच्या पडवीत हलवली. भेटायला येणारे पडवीच्या उंबऱ्यापाशी उभे राहायचे, नाकाला रुमाल लावून ख्यालीखुशाली विचारायचे. सिंधूसुद्धा तोंडाला दुहेरी पट्टी बांधून आत जायची. शिवानी तेवढी तशीच जायची, आईच्या उशाशी बसून तिला पेज पाजायची.

"अक्का, मला कामून सांगितलं न्हाई?" सिंधूनं किती वेळा विचारलं. दर वेळी अक्का भिंतीकडं तोंड करायची.

रानात मल्लम्माचा वास आला त्याच आठवड्यात तालुक्याला प्रशिक्षण होतं. नवी लस आली होती, चौदा वर्षांच्या पोरींसाठी. शिकवायला आल्या होत्या डॉक्टर मृण्मयी, मूळच्या लातूरच्या, तालुक्याच्या दवाखान्यात नव्यानं आलेल्या, वयानं लहान, बोलायला स्वच्छ. हा आजार एका विषाणूमुळं होतो, तो संबंधातून पसरतो, म्हणून लग्नाच्या फार आधी लस द्यायची, असं त्यांनी सांगितलं. संबंधाचं नाव निघालं तशी मागच्या बाकांवर खसखस पिकली.

डॉक्टरबाई थांबल्या. "यात हसण्यासारखं काही नाही. हा विषाणू बहुतेकांच्या अंगात कधी ना कधी येऊन जातो. एकच नवरा असलेल्या, साध्या घरातल्या बाईलाही येतो. तिच्या चालचलणुकीशी याचा संबंध जोडू नका. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करावीच लागते." मग त्यांनी विचारलं, "तुमच्यातल्या कितीजणींनी स्वतःची तपासणी करून घेतली आहे?"

पंखा घरघरत राहिला. एकही हात वर झाला नाही. सिंधूनं आपले हळदीनं पिवळे झालेले तळवे मांडीवर पालथे घातले.

बाहेर चहा घेताना राजश्री जवळ सरकली. दोघी कित्येक वर्षं एकाच उपकेंद्रात होत्या. हलक्या आवाजात ती म्हणाली, "खरं सांग, घरातल्या पोरीला देशील का तू ही सुई?"

"माझी सृष्टी लहान हाय अजून. शिवानी बसती त्यात."

"मी तर थांबनार बाई माझ्या पोरीचं. नवी चीज हाय. दुसऱ्यांच्या पोरींना टोचू, काय होतंय बघू, मग आपल्या."

सिंधूनं मान हलवली. खरं तर तिच्याही मनात तेच होतं. पण राजश्रीच्या तोंडून ते मोठ्यानं ऐकलं आणि तिनं चहा अर्धाच खाली ठेवला.

घरी जेवणं चालली असताना तिनं विषय काढला. शेषेराव थोरला दीर. तो सिंधूशी कधी सरळ बोलत नसे. काही सांगायचं तर धाकट्या भावाकडं बघून सांगायचा. सिंधूही पदर सावरून दयानंदलाच म्हणाली, "दादांना विचारा, शिवानीचं नाव देऊ का लसीला. आजार व्हायचा टळतो त्यानं."

शेषेरावानं घास ताटात ठेवला.

"दयानंद, तिला विचार, कुशावर्ताला झालं तवा कुठं हुता तिचा दवाखाना? घरात सिस्टर हाय म्हनून मी बेफिकीर ऱ्हायलो. वरीसभर बाई आतल्या आत सडली, अन् या घरात कुनाला पत्ता न्हाई. आता पोरीला सुई द्यायलेत."

"दादा, ती लस आता आली—" दयानंद म्हणाला.

"लोकं म्हनायलेत, लेकरं व्हईत न्हाईत मागून. मला एकच पोर हाय. तिच्या अंगावर मी कुनाचा प्रयोग होऊ द्यायचा न्हाई. सांग तिला."

सांगायची गरज नव्हती. सिंधू हातभर अंतरावर बसली होती. चुलीपाशी शिवानी तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

मग गावातली घरं सुरू झाली. सिंधू दुपारच्या उन्हात गल्लीगल्लीनं फिरली. कुणी दार लावून घेतलं, कुणी पाणी दिलं पण पोरीचं नाव दिलं नाही. साहेबराव म्हणून गावातला एक शहाणा माणूस होता, त्यानं पारावर सगळ्यांदेखत मोबाइल पुढं केला आणि कुठल्यातरी परमुलखातल्या, चक्कर येऊन पडलेल्या पोरी दाखवल्या. "ह्या पाह्यल्या का सिस्टर? बरं, तुमच्या घरच्या पोरीला कधी द्यायलाव?"

सिंधूनं मोबाइलवरून नजर काढली.

"न्हाई ना? मग झालं तर," असं म्हणून साहेबरावानं मोबाइल खिशात घातला. पारावरचे लोक हसले. ती लसीची पिशवी खांद्यावर सारखी करत पुढच्या गल्लीत वळली. पाठीत काटे रुतावेत तसं हसू रुतत होतं. आणि घरच्या पोरीचं तो बोलला ते काही खोटं नव्हतं.

त्या दिवशी ती रानात आली तर रांगेत मल्लम्मा नव्हती, शिवानीही नव्हती. पोरीला शोधत सिंधू विहिरीमागं गेली आणि तिथंच खिळली. घाणेरीच्या झुडपावर फडकी वाळत होती. धुऊनही डाग न गेलेली, जुन्या साडीची फडकी. खाली दगडावर पाठमोरी बसून कुणीतरी धूत होतं. तीच पाठ, तशीच वाकलेली, तसाच एका बाजूला पडलेला शेपटा. सिंधूच्या तोंडून "अक्का" निघून गेलं.

शिवानीनं वळून पाहिलं.

"ही कुनाची?" सिंधूनं कसंबसं विचारलं.

"मल्लम्मामावशीची. तिला उठवत न्हाई आज."

"तू कामून धुवायलीस? कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई." शिवानीनं फडकं पिळलं. तांबूस पाणी दगडावरून ओघळून मातीत मुरलं. "तुमाला वास आला हुता ना त्या दिशी? उठून गेलाव तुम्ही."

सिंधू खाली बसली. जे अक्काला शंभरदा विचारलं होतं ते तिनं आता पोरीला विचारलं, "शिवे, तुझी आई तुला काही बोलली का गं? मला कामून सांगितलं न्हाई तिनं? मी घरातच हुते की."

शिवानीनं दुसरं फडकं उचललं.

"आली हुती ती सांगायला. तुमच्या दवाखान्यात. घरी माणसं असत्यात म्हनून तिकडं आली. मी हुते संगं."

"कधी?"

"ती गेली त्याच्या आदल्या वर्षी, मुगाच्या येळंला. आत वेशीतली अंजूमावशी हुती, तिला पांढरं जायचं. तुम्ही आन् राजश्री सिस्टर हुताव. तुम्ही तिला म्हनलाव, 'घानीचा रोग हाय हा. तू तोंड मारून आलीस का तुझा नवरा, ते आधी इचार.' अन् दोघी हसलाव. ती रडाया लागली." शिवानीचा आवाज वर चढला नाही की कापला नाही. "आई भायेर बाकड्यावर हुती. तिनं माझा हात धरून उठिवलं. म्हनली, चल, लई गर्दी हाय. गर्दी कुठली काकू, बाकड्यावर आमी दोघीच हुतो."

पलीकडं कुकरची वाफ सुटली आणि तिचा मोठा सुस्कारा शिवारभर झाला.

सिंधू तो दिवस आठवायचा प्रयत्न करू लागली. अंजूचा चेहरा आठवला, बाकडं आठवलं. पण तो दिवस काही आठवेना. असं बोलणं इतक्यांदा झालं होतं, इतक्या जणींना, की त्यातलं नेमकं कुठलं अक्कानं ऐकलं ते वेगळं काढता येईना. आणि हेच सगळ्यांत भयंकर होतं. एका दिवसाची चूक असती तर माणूस तिला कवटाळून रडलं तरी असतं.

"आईनं शेवटी मला शपथ घातली हुती, काकूला सांगू नगं म्हनून," शिवानी म्हणाली. "तिला वाईट वाटंल म्हनली."

तिनं फडकं झुडपावर टाकलं, बादली उचलली आणि खोपीकडं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधू उपकेंद्रात न जाता खोपीत गेली. तोंडाला काही न बांधता वाकून आत शिरली. मल्लम्मा पोत्यावर कुशीला पडली होती. सिस्टर बघून ती धडपडत उठायला लागली, अंगाखालचं पोतं पदरानं झाकायला लागली.

"पडून ऱ्हावा," सिंधू म्हणाली आणि तिच्या अंगाला लागून बसली. वास अंगावर आला. तो येऊ दिला. "किती दिवस झाले हे?"

"काय न्हाई सिस्टर. गर्मी झालीय अंगात."

"पाळी गेली का?"

"लई दिस झाले."

"अन् गेल्यावर पुन्हा रक्त?"

मल्लम्मा एकदम सिंधूचा हात धरून म्हणाली, "मी वाईट बाई न्हाई सिस्टर. देवाशपथ. माझा नवराबी तसला न्हाई."

हे सिंधूनं गोठ्याच्या पडवीत, अक्काच्या तोंडून, ऐकायला हवं होतं. तिथं ते कुणी बोललंच नव्हतं.

"हे वाईट बाईचं दुखनं न्हाईच. कुनीबी असं म्हनलं असंल तर ते चुकीचं हाय. मीबी म्हनले असंल तर तेबी." ती थांबली. "तालुक्याला तपासून घेऊ चला."

"बेडव्वा," मल्लम्मा घाबरून आपल्या कानडीत म्हणाली, "नको मला. आत काय घालत्यात म्हने."

"मलाबी ठाऊक न्हाई कसं वाटतंय. माझं कधी झालंच न्हाई. आधी मी झोपते टेबलावर. मला बघा, मग तुम्ही ठरवा."

बाहेर गुरुलिंग हातातली पऱ्हाटी खाली टाकून उभा होता. "मी जाऊ संगं? जाळ कोन घालनार मग? मुकादम वरडंल."

"मी घालतो जाळ," दयानंद म्हणाला. तो केव्हा येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. त्यानं बायकोकडं पाहिलं, काही विचारलं नाही, आणि पऱ्हाटी उचलून टाकीखाली सारली.

शिवानीही तालुक्याला निघालेल्या जीपमध्ये बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मल्लम्माचं डोकं तिनं आपल्या खांद्यावर घेतलं आणि वाटभर खिडकीबाहेर बघत राहिली.

टेबलावर झोपणं म्हणजे काय असतं ते सिंधूला त्या दिवशी कळलं. आयुष्यभर ती त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. बायांचे पाय ओढून नीट करत होती, "ढिलं सोड अंग, नाटकं करू नको," म्हणत होती. आता तिचे स्वतःचे गुडघे आपोआप मिटत होते. लोखंड गार होतं. छतावर पालीनं पकडलेला किडा ती एकटक बघत राहिली. मृण्मयी डॉक्टर प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होत्या. आता हात लावते. आता थोडं दुखेल. सिरक्यासारखं पाणी लावते, कुठं पांढरा डाग उठतो का बघायला. एवढं सांगितलं की किती सोसतं, हे सिंधूला कुणीच शिकवलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं.

"तुमचं स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाल्या.

सिंधू उठून साडी सारखी करू लागली आणि तिला हुंदका आला. सुटल्याचा नव्हता. आपलं स्वच्छ निघालं याची शरम वाटावी, असं काहीतरी होतं ते.

मल्लम्माला आत घेतलं तेव्हा तिनं सिंधूचा एक हात धरला आणि दुसरा शिवानीला बोलावून तिचा धरला. पोर डोक्याशी उभी राहिली, तिच्या कपाळावरचे केस मागं करत. डॉक्टरांना फार वेळ लागला नाही. हात धुऊन त्या स्टूल ओढून मल्लम्माच्या तोंडासमोर बसल्या.

"जखम आहे. तुकडा काढून तपासायला लागेल, मी लातूरला चिठ्ठी देते. उशीर झालाय, पण फार नाही झाला असं मला वाटतं. आज आलात ते बरं केलंत. आता थांबायचं नाही."

गुरुलिंगला लातूर नुसतं ऐकून माहीत होतं. कुठं उतरायचं, कुणाला विचारायचं, रात्री कुठं पडायचं, काहीच ठाऊक नाही. तालुक्याहून परतल्यावर तो खोपीपुढं उकिडवा बसून राहिला. शेषेराव कुकरपाशी उभा राहून सगळं ऐकत होता. तो घरी गेला आणि धोतराच्या घड्या पिशवीत भरून परत आला.

"मला माहीत हाय तिथलं," एवढंच तो म्हणाला. "कुठल्या खिडकीला उभं ऱ्हायाचं, कुठं पानी मिळतं, समदं माहीत हाय. चल."

अक्काला घेऊन ज्या वऱ्हांड्यांत तो झिजला होता त्याच वऱ्हांड्यांत तो परक्या बाईसाठी पुन्हा जाऊन बसला. परतला तेव्हा हळद शिजवून संपली होती आणि खळ्यावर वाळत पडली होती. दाढी वाढलेली, डोळे खोल. सिंधू खळ्यावर हळद खालवर करत होती. शेषेराव काठावर येऊन उभा राहिला. दयानंद तिथं नव्हता. सिंधूनं पदर पुढं ओढला.

"सिंधुबाई," शेषेराव म्हणाला.

लग्न होऊन आल्यापासून त्यानं तिला पहिल्यांदा नावानं हाक मारली होती. तिचे हात थांबले.

"मल्लम्माचं हाताभायेर गेलं न्हाई म्हनले डॉक्टर. शेक चालू केलेत. लांबनार हाय, पण बाई उठंल म्हनले." त्यानं वाकून एक हळकुंड उचललं. "एक इचारतो. ती सुई दिल्यावर पोरीला तिच्या आईचं दुखनं व्हायाचं न्हाई, असं छातीवर हात ठिवून सांगता का?"

साहेबरावाला, गल्लीतल्या बायांना, कुणालाही ती हो म्हणाली असती. प्रचारात तसंच बोलतात.

"न्हाई दादा. तसं सांगता येत न्हाई. भ्या लई कमी होतंय, एवढं खरं. मोठी झाल्यावर तपासनी करावीच लागंल. अन् लेकरं व्हईत न्हाईत हे खोटं हाय, ते मात्र छातीवर हात ठिवून सांगते."

खांद्यावरच्या उपरण्यानं शेषेरावानं तोंड पुसलं. घाम होता की काय होतं ते सिंधूला दिसलं नाही, तिनं मान वर केलीच नाही.

"घेऊन जावा तिला," तो म्हणाला.

लसीच्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात पोरी थोड्याच होत्या. धामणवाडीतून शिवानी एकटीच. सिंधूनं हात धुतले, कापूस घेतला. शिवानी खुर्चीवर बसली आणि बाही वर करता करता थांबली.

"तुमच्या हातची नगं, काकू."

खोलीत दुसऱ्या नर्सा होत्या. सगळ्यांनी ऐकलं. राजश्री टेबलापलीकडं उभी होती, ती दोघींकडं आळीपाळीनं बघायला लागली. तिला काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं कळलं असावं.

"दुसऱ्या कुनीबी द्या," शिवानी म्हणाली. "पर त्यांचीबी नगं," तिनं राजश्रीकडं बोट केलं.

सिंधूनं कापूस खाली ठेवला आणि बाजूला झाली. शेवटी डॉक्टर मृण्मयींनीच सुई दिली. शिवानीनं तोंड फिरवलं नाही, सुई आत जाताना ती सुईकडंच बघत होती. बाहेरच्या बाकावर तिला अर्धा तास बसवून ठेवायचं होतं. सिंधू त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. जरा वेळानं राजश्री पाणी घेऊन आली, शिवानीला ग्लास दिला आणि सिंधूच्या कानाशी वाकून म्हणाली, "काय झालं गं? पोर अशी कामून बोलली?"

"सांगते," सिंधू म्हणाली. "आपल्या दोघींचं हाय ते. उद्या सांगते."

एसटीतून उतरून दोघी रानाच्या वाटेला लागल्या. शिवानी पुढं, सिंधू मागं. ऊन कलतं झालं होतं. कापूस निघालेल्या रानांतून भकास वारं येत होतं आणि पोर टोचलेल्या दंडावर दुसरा हात ठेवून चालत होती.

"ही सुई आईच्या टायमाला न्हवती का?" मागं न बघता तिनं विचारलं.

"न्हवती. ती तुझ्याएवढी हुती तवा कुठंच न्हवती."

"अन् तपासनी?"

"तपासनी हुती."

शिवानी चालत राहिली. ओढा ओलांडला, बाभळी मागं पडल्या. मग ती थांबली आणि वळली. तिचं तोंड आईसारखंच रुंद हाडाचं होतं. ते उन्हात लाल झालं होतं.

"त्या दिशी ती आत आली असती तर?"

असल्या प्रश्नाला द्यायची उत्तरं सिंधूला तोंडपाठ होती. नक्की सांगता येत नाही. देवाच्या मनात असतं ते होतं. आता त्याचा विचार करू नको. कित्येक घरांच्या ओसरीवर तिनं ती दिली होती आणि लोकांनी ती घेतली होती.

"वाचली असती," ती म्हणाली. "बहुतेक वाचली असती."

शिवानीनं मान हलवली. तिनं सिंधूच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं, एखादं माणूस ओळखू येतंय का ते बघावं तसं.

पश्चिमेकडून एकाएकी गार झोत आला. दोघींनी वर पाहिलं. ढग काळा होऊन खाली उतरत होता, आणि खळ्यावर अख्खी हळद उघडी पडली होती. शिवानी पळत सुटली. सिंधू मागोमाग. खळ्यावर कुणीच नव्हतं. पोरीनं ताडपत्रीची गुंडाळी पायानं उलगडली, वाऱ्यानं ती फुगून उडायला लागली.

"तिकडचं टोक धरा, काकू!" ती ओरडली.

सिंधूनं टोक धरलं. वारं दोघींच्या हातांतून ताडपत्री हिसकावत होतं. त्यांनी ती ओढत, वाकत, हळदीवर आणली. दगड पुरेनात. टपोरे थेंब पडायला लागले तशी शिवानी एका काठावर अंगाचं वजन टाकून बसली. सिंधू दुसऱ्या काठावर बसली. मधे झाकलेली हळद होती. पाऊस आडवा आला आणि दोघी भिजत, एकमेकींसमोर, उठलं तर ताडपत्री उडेल म्हणून बसून राहिल्या.